प्रश्न सतरावा

चोवीस अभ्यासक्रमांपैकी तेवीस मी पूर्ण केले होते. चोविसावा राहिला होता, आणि त्यातही एकच प्रश्न. सतरावा.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट बनवत नाही, उभारत नाही. दुसऱ्यांनी उभारलेल्या चालू ठेवते. मी तिथे माहितीपुस्तिका लिहायचो. निवृत्त झाल्यावर मला अर्धवेळ ठेवून घेतलं, दुपारी दोन ते सहा. का ठेवून घेतलं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं तर त्यांच्याही लक्षात येईल, अशी भीती होती.

अभ्यासक्रम संगणकावर असायचे. पडद्यावर एक पान यायचं, त्यावर चार ओळी, आणि चाळीस सेकंदांनी खाली ‘पुढे’ असं बटण उगवायचं. चार ओळी मी दहा सेकंदांत वाचायचो आणि उरलेली तीस सेकंद बटणाची वाट बघायचो. कधी एखादी ओळ बरी निघाली तर मी तिच्यावर थांबायचो, आणि मग संगणक विचारायचा, आपण अजून तिथे आहात का. या प्रश्नाचं उत्तर मी दर वेळी थोडा विचार करून देत असे. आयुष्यभर वाचलं, त्याखेरीज फारसं काही केलं नाही. पण या वाचनात मला गती नव्हती. शिकणं म्हणजे आपण आजवर जे करत होतो ते नव्हेच, असंही अलीकडे वाटू लागलं होतं.

सतरावा प्रश्न असा होता: लिफ्टमध्ये कोणी अडकल्याचा फोन आल्यास सर्वप्रथम काय कराल? (अ) अडकलेल्या व्यक्तीशी शांतपणे बोलाल. (आ) अ‍ॅपमधला घटना-अर्ज भराल. (इ) मेकॅनिकला कळवाल. (ई) वरिष्ठांना कळवाल.

मी ‘अ’ निवडायचो. संगणकाच्या मते बरोबर उत्तर ‘आ’ होतं. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी शंभर लागत. परीक्षा दिवसातून एकदाच देता येत असे. मी रोज तीनच्या सुमारास ती द्यायचो, एका प्रश्नाने नापास व्हायचो, आणि खाली ‘आपली प्रतिक्रिया’ असा एक चौकोन होता त्यात दोनशे अक्षरांत माझं म्हणणं लिहून पाठवायचो. उत्तर कधी आलं नाही. पण लिहायला मला अर्धा तास लागायचा, आणि चार तासांतला तो अर्धा तास बरा जायचा, हे कबूल केलं पाहिजे.

इतका हट्ट मी कशासाठी केला? मी काही भांडणारा माणूस नाही. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर मीच माफी मागतो. पण सव्वीस वर्षांपूर्वी कंपनीची पहिली पुस्तिका मी लिहिली होती. तिच्यातला बहुतेक मजकूर यंत्रांसोबत आलेल्या कागदांवरून उतरवलेला होता. माझी स्वतःची म्हणता येतील अशी पाच-सहा वाक्यं असतील. त्यातलं एक होतं: ‘प्रथम आतल्या माणसाशी बोला.’ या चार शब्दांवर मी तीन दिवस घालवले होते. ‘प्रथम’ आधी शेवटी होतं.

साहेबांनी मला दोन-तीनदा समजावलं. साहेब माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, वाईट मुळीच नव्हते. त्यांना रंग आवडायचे, त्यातही हिरवा. भिंतीवर मोठा पडदा लावून घेतला होता, त्यावर प्रत्येक विभागाच्या नावापुढे एक गोल. विभागातल्या सगळ्यांचे अभ्यासक्रम पूर्ण झाले की गोल हिरवा. एकाचा जरी राहिला तरी लाल. पिवळा त्यांनी काढूनच टाकला होता. पिवळ्यामुळे लोक सुस्तावतात, म्हणायचे. संध्याकाळी सहाला ते हातात टॅब घेऊन फेरी मारत आणि कुणाची खुर्ची टेबलाखाली सरकवायची राहिली असेल तर त्याचीही नोंद करत. स्टेपलरांवर विभागांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. आमच्या स्टेपलरवर ‘मदत आणि कागदपत्र’ असं लिहिलं होतं. दोन्ही विभाग फार छोटे म्हणून त्यांनी एकत्र केले होते. मदत म्हणजे फोनवरच्या बाई, कागदपत्र म्हणजे मी.

“काका,” साहेब म्हणाले, “अर्ज भरला की मेकॅनिकला आपोआप निरोप जातो. बरोबर? माणूस लवकर सुटतो. मग पहिलं काय? अर्जच ना?”

“हो, पण तोवर आतला माणूस…”

“त्याला काय, दोन मिनिटं.”

“आत दोन मिनिटं फार असतात.”

“तुम्ही कधी अडकलायत?”

मी कधीच अडकलो नव्हतो. मी खाली बघितलं. साहेबांचं म्हणणं अर्धं तरी खरं होतं, कदाचित अर्ध्याहून जास्त. माझं असं नेहमी होतं. दुसऱ्याचं ऐकलं की ते पटतं, आणि जागेवर येऊन बसलो की पुन्हा माझं.

“फक्त एक टिक करायची आहे, काका. मनात काय ठेवायचं ते ठेवा. मनाचा अभ्यासक्रम नाहीये.”

“प्रश्न बदलता येणार नाही का?”

“प्रश्न वरून आलेत,” साहेबांनी छताकडे बोट दाखवलं. वर पंखा होता.

मग जाता जाता म्हणाले, “तुमच्यामुळे फोनच्या बाईंचा अर्ज अडलाय, एवढं लक्षात असू द्या. लाल विभागाला शिफ्ट बदलून देता येत नाही. मी नियम त्यांच्यासाठी मोडला तर उद्या सगळेच रांगेत.”

ते मला माहीत होतं.

फोनच्या बाई माझ्या पलीकडे बसायच्या, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यांची शिफ्ट दुपारी दोन ते रात्री दहा. त्यांना सकाळची, सहा ते दीड, हवी होती. घरी सासू होत्या, विसरायला लागलेल्या. उजेड कमी झाला की त्या दार उघडून चालायला लागत, माहेरी जायचं म्हणून. माहेर पन्नास वर्षांपूर्वीच मोडलं होतं. नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर. आजवर संध्याकाळी धाकटी जाऊ सांभाळायची, पण तिच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि महिनाअखेरीला ते बिऱ्हाड हलणार होतं. त्यानंतर संध्याकाळी घरात सासू एकट्या. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं होतं, फोनची वायर सोडवता सोडवता. सांगताना आवाज चढला नव्हता, आणि पुढे कधी विषयही काढला नाही. त्यांनी एकदा तरी काढायला हवा होता, म्हणजे मला राग तरी आला असता.

मेकॅनिक मंडळींत एक जण होता, त्याला सगळे पान्हा म्हणत. ब्रेकचा नुसता आवाज ऐकून तो लिफ्टचं दुखणं सांगायचा. तो कामाचे कागद द्यायला आला की माझ्या टेबलाच्या कडेवर बसायचा.

“काय काका, अजून सतरावीतच?”

“हो.”

“आमचे सगळे चोवीस चहाच्या सुट्टीत झाले. मशीनरूमच्या भिंतीवर उत्तरं लिहून ठेवलीत खडूने. एकाने वाचायची, बाकीच्यांनी दाबायचं. मी आता चोवीस विषयांत पारंगत आहे. त्यात एक पोहण्याचा पण होता बहुतेक.”

“आग लागल्यास बाहेर पडण्याचा असेल.”

“असेल. सतराला ‘आ’. डोळे मिटून दाबा. तुमचं असं झालंय ना, वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. साहेबांवर काढायचं ते त्या बिचारीवर निघतंय.” तो पार्टिशनकडे बघून हळू बोलला, पण पान्ह्याचं हळू म्हणजे इतरांचं मोठ्याने असतं.

पलीकडे फोन वाजला, म्हणून बरं झालं.

“मदत विभाग, बोला. हो दादा. कितव्या मजल्यावर थांबलीय? दिवा आहे ना आत? छान. आणखी कोण आहे? कोणी नाही. मग तो आवाज कसला? बादली सांडली? रंगारी आहात होय. कुठला रंग होता? पिस्ता. मग काही नाही, त्या इमारतीचा जिनापण पिस्ताच आहे, कुणाला कळणार नाही. आता असं करा, बटणांच्या खाली पांढरी पट्टी आहे, त्यावरचा नंबर वाचा मला. सावकाश. वाचा.”

पान्ह्याच्या खिशात मोबाइल गुरगुरला. त्याने बघितलं. “चला, पिस्त्याला सोडवून येतो,” म्हणाला आणि उठला.

बाई आणखी अकरा मिनिटं बोलत होत्या. रंगाऱ्याच्या मुलीला चष्मा लागला होता, तो ती शाळेत घालत नव्हती. मी एक जुनी पुस्तिका उघडून बसलो होतो. पान उलटलं नाही.

घरी ही भाजी निवडत होती. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं.

“मग करून टाका की टिक,” ही म्हणाली.

“चुकीचं उत्तर आहे ते.”

“पस्तीस वर्षं मी तुम्हाला विचारतेय, भाजी कशी झालीय. तुम्ही म्हणता छान. तेव्हा नाही अडलं कधी.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

ही उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, “तिची सासू एखाद्या दिवशी रस्त्यावर गेली म्हणजे वाक्य मागे घ्याल. त्यापेक्षा आधीच घ्या.”

महिना संपायला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी परीक्षा दिली, ‘अ’ निवडलं, नापास झालो आणि प्रतिक्रिया लिहिली. ही बोलली होती ते डोक्यात होतं, तरी हात नेहमीच्या जागी गेला. प्रतिक्रिया पाठवून पाच मिनिटं झाली असतील. पार्टिशनवर टकटक झाली. बाईंनी कडेने डोकं बाहेर काढलं होतं.

“काका, आजचं जरा घाईत लिहिलंय का?”

“काय?”

“परवाचं चांगलं होतं. ‘ही व्यवस्था अर्जाला माणसाच्या आधी आत घेते’, ते. आज नुसतंच निषेध वगैरे.”

मला काही सुधरेना.

“तुमच्याकडे… येतात?”

“पहिल्या दिवसापासून. ज्याने हे सगळं बसवलं ना, त्याला तक्रारींसाठी एक पत्ता हवा होता. तक्रारींचा पत्ता आपल्याकडे एकच, मदत विभागाचा. म्हणजे मी. तुमचं पत्र आलं की माझ्या पडद्यावर तक्रार म्हणून उघडतं. पंधरा मिनिटांत निकाली काढावी लागते, नाहीतर माझ्या नावापुढे फुली.”

“रोज?”

“एकतीस झाली आजची धरून.”

“कशी निकाली काढता?”

“यादीतून प्रकार निवडायचा. दार अडकतं, लिफ्ट बंद, आवाज येतो, इतर. आधी मी ‘इतर’मध्ये टाकत होते. पण महिन्यात पाचपेक्षा जास्त ‘इतर’ झाले की खुलासा मागतात. मग तुम्हाला ‘आवाज येतो’मध्ये टाकलं.” त्या हसल्या. “एकदा तर पान्ह्याला काम गेलं, आपल्याच पत्त्यावर आवाज तपासायचा म्हणून. इथे तर लिफ्टच नाही. तो येऊन चहा पिऊन गेला आणि लिहिलं, आवाज थांबला.”

मीही हसलो असेन. चेहरा तसा झाला असावा.

“तुम्ही सांगितलं का नाही मला?”

“सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबला असता. माझ्याकडे दिवसभर येतं काय, तर अमुक मजला, तमुक बटण. तीनला आपलं बरं वाटायचं. कधी कधी दोनदा वाचायचे.”

“आणि तुमची शिफ्ट?”

बाईंनी फोनचं कानावरचं यंत्र काढून पुसलं, पुन्हा चढवलं.

“आता काय बोलू, काका. तुम्ही म्हणता ते खोटं असतं तर भांडले असते.”

“खरं आहे का?” मी विचारलं. इतक्या दिवसांत हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. हे काम रोज करणारं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं असताना.

“मी आधी अर्जच उघडते,” बाई म्हणाल्या. “बोट अर्जावर, तोंड फोनवर. मजला विचारला की तो रकाना भरला, नंबर विचारला की तो भरला. त्यांना वाटतं गप्पा चालल्यात. यात आधी काय आणि नंतर काय, मला नाही सांगता येणार. तुमचं पण बरोबर, साहेबांचं पण. प्रश्नच कुणीतरी फोन न उचलता लिहिलाय.”

“पुस्तिकेत मी लिहिलं होतं…”

“ते मला तुमच्या पत्रांतूनच कळलं. पुस्तिका आहे आपली?”

“तुम्हाला दिली नव्हती, लागलात तेव्हा?”

“मला एक पासवर्ड दिला होता. पुस्तिका कुठे असते?”

साहेबांच्या खोलीतल्या कपाटात असते. मी तेवढंच सांगितलं. त्यांना बारा वर्षं झाली होती तिथे. त्या बारा वर्षांत माझं वाक्य कुणी वाचलं नव्हतं, आणि ते न वाचता त्या रोज ते करत होत्या, माझ्यापेक्षा चांगलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. वाटलं नाही. बर्फ लावलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसं काहीतरी होतं, आपलंच, पण लागत नव्हतं.

पलीकडे फोन वाजला आणि त्यांचं डोकं आत गेलं.

दुसऱ्या दिवशी दोनला आलो, संगणक सुरू केला आणि तीनची वाट न बघता परीक्षेला बसलो. सोळा प्रश्न झाले. सतराव्याला ‘आ’ दाबलं. बोटाला काही फरक कळला नाही. शेवटी पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले आणि माझं नाव मोठ्या अक्षरांत आलं. खाली प्रतिक्रियेचा चौकोन होता. मी कर्सर त्यात नेला, थोडा वेळ तो लुकलुकत राहिला, मग मी खिडकी बंद केली.

भिंतीवरचा गोल हिरवा झाला. साहेब खोलीतून बाहेर आले, हात पुढे केला. “बघा काका, किती सोपं होतं.” त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांच्या आनंदात खोट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी तिथल्या तिथे टॅबवर बाईंची शिफ्ट बदलली आणि पडदा फिरवून त्यांना दाखवला.

बाई पार्टिशनच्या कडेला आल्या. “काका,” म्हणाल्या, आणि पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. मी म्हणालो, “छे छे.” तेही कशाबद्दल ते मला माहीत नाही.

एक तारखेपासून त्या सकाळी यायला लागल्या. दुपारच्या शिफ्टला एक नवे गृहस्थ आले, चाळिशीचे, सभ्य. त्यांच्या कानावरचं यंत्र चांगल्यापैकी आहे, ते इतकं हळू बोलतात की पलीकडे काही येत नाही. वाईट बोलत असतील असं नाही. पान्हा सांगतो, त्यांचे अर्ज फार नीट असतात.

माझं काम तेच आहे. दोनला जातो, सहाला खुर्ची सरकवून निघतो. फक्त एक विचार अधूनमधून येतो आणि तो मला आवडत नाही. माझ्या नापासपणामुळे सहा आठवडे त्या बाई दुपारच्या शिफ्टलाच राहिल्या. माझ्या भिंतीपलीकडे. एखादा अडकला की त्या बोलायच्या आणि मी ऐकायचो. मी वाक्यासाठी अडलो होतो असं मला तेव्हा वाटत होतं. आता विचारलं तर मी शपथेवर सांगू शकणार नाही. हिला हे सांगितलेलं नाही. ही हसेल, आणि हसून म्हणेल, मला माहीत होतं. ते तर आणखीच कठीण.

गेल्या आठवड्यात एकदा मी लवकर निघालो. सव्वा वाजता फाटकाशी पोचलो. दीडला बाई बाहेर आल्या, पिशवी खांद्यावर टाकत, जवळजवळ धावत.

“अरे काका, आज लवकर?”

“सहज. बस लवकर मिळाली.”

“सासूबाई बऱ्या आहेत. आता संध्याकाळी मला घेऊनच निघतात माहेरी. आम्ही कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. त्यांना वाटतं जाऊन आलो.”

“बरं झालं.”

“तुम्ही लिहिता की नाही काही?”

“नाही. आता पास झालो ना.”

“हां,” त्या म्हणाल्या. “ती बघा माझी बस.” आणि गेल्या.

मी आत जाऊन कार्ड लावलं. यंत्राने लाल दिवा दाखवला. दोनच्या दहा मिनिटं आधीपासून ते कार्ड घेतं, त्याआधी घेत नाही. माझ्यासारख्यांनी वेळेच्या आधी येऊन बसू नये म्हणून. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. पिशवीत पुस्तक होतं. ते काढलं नाही. आणखी वीस मिनिटं होती.